उन्हात फ्लॅश मारला की फोटोत काळा पट्टा? माझा अनुभव

सिद्धेश्वर तलावाकाठी भर दुपारी पोर्ट्रेट काढताना शटर १/२५० सेकंदापेक्षा वेगवान केलं की फोटोच्या कडेला काळा पट्टा यायचा. सेल बदलले, हॉट शू (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) पुसला, फरक शून्य. अक्षरशः जीव मेटाकुटीला आला.

कारण एका पिनचा साधा ट्रिगर (फ्लॅशला पेटण्याचा इशारा देणारं उपकरण). फ्लॅश जोडलाय हे कॅमेऱ्याला कळतच नाही, आणि फ्लॅश पडतो तेव्हा शटरच्या पडद्याने सेन्सरचा काही भाग झाकलेला असतो.

उपाय: कॅमेरा आणि फ्लॅश बंद करा. ट्रिगर काढून टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्याशी बोलून प्रकाश आपोआप ठरवणारा) थेट हॉट शूवर लॉक करा. दोन्ही चालू करून हाय स्पीड सिंक (शटर सरकत असेपर्यंत फ्लॅश भराभर लुकलुकत राहतो तो मोड) लावा (निकॉनला कॅमेऱ्याच्या मेनूत ‘ऑटो एफपी’). एम (मॅन्युअल) मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४, शटर १/२०००. पट्टा गेला, आभाळही निळंशार आलं. या मोडमध्ये फ्लॅशची ताकद बरीच घटते, म्हणून पाच-सहा फुटांवरूनच काढा.