गावाचा इतिहास लिहायचा तर शिवेपासून सुरुवात करा

पुणे जिल्ह्यातल्या गावांच्या स्मरणिका उघडल्या की पहिल्या पानावर महाराजांचा मुक्काम, दुसऱ्यावर ग्रामदैवताची आख्यायिका आणि तिसऱ्यावर सरपंचांची यादी असते. मुक्कामाचा कागद सापडला तर तो आनंदाने छापावा. पण गाव काय पेरत होतं, पाणी कुठून आणत होतं, कुणाच्या कष्टावर चालत होतं हे त्यात नसेल, तर गावाचा इतिहास लिहायचाच राहिला. तो जमिनीपासून लिहायला घेतला तर हाती लागतो. देवळापासून सुरुवात केली की गाडी आख्यायिकेतच रुतते.

आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. तिच्या दोन मोठ्या झेरॉक्स करा, एक घरी ठेवायला आणि एक शिवारात न्यायला. मग शीव फिरा. बरोबर जन्मभर गुरं राखलेलं एक माणूस आणि दुसऱ्या वस्तीतलं एक माणूस हवं. एकट्याचं ऐकलं तर बांधाच्या भांडणात त्याची बाजू नकळत आपल्या वहीत उतरते. ओढे, जुन्या पायवाटा, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड हे नकाशावर टिपत चला. त्याहून मोलाची शेतांची नावं. ‘देवाचं रान’, ‘जोशाची पट्टी’, ‘सुताराची पट्टी’, ‘हाडोळा’ (महार वतनाची जमीन) ही नावं म्हणजे वतनाचे (गावकामाबद्दल वंशपरंपरेने मिळालेल्या जमिनीचे) आणि इनामाचे पुरावे आहेत. सातबारावर बहुधा फक्त आकडा असतो, नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतं आणि त्यांच्याबरोबर जातं.

जुन्या भाषेत शेतजमीन म्हणजे काळी आणि वस्तीची जागा म्हणजे पांढरी. शिवारात कुठे राखाडी-पांढरी भुसभुशीत माती, खापराचे तुकडे आणि ‘पांढरीचा माळ’ असं नाव एकत्र सापडलं, तर तिथे पूर्वी वस्ती असण्याची शक्यता मोठी. फोटो काढा, जागा नोंदवा. खणू मात्र नका. उकरलेल्या खापरांचा थर कळत नाही आणि त्यांचा काळही मग सांगता येत नाही.

कागद आजपासून मागे मागे वाचत जायचे. सातबारा, त्याआधीचे फेरफार (हक्कांतल्या बदलांच्या नोंदी), मग मोजणीचे जुने कागद: टिपण (शेताच्या मापांचा कच्चा नकाशा), फाळणी (शेताच्या विभागणीचा नकाशा) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचं पत्रक). हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे फेरफारांची साखळी साधारण तिथपर्यंत जाते. वाटेत हमखास चूक होते ती एकत्रीकरणाची, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या योजनेची. १९४७ च्या कायद्यानंतर गावोगाव जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. आजचा गट ११२ आणि जुना सर्व्हे नंबर ११२ यांचा काही संबंध नसतो. म्हणून गटावरून जुना नंबर दाखवणारी एकत्रीकरण योजनेची नक्कल आधी मिळवा, नाहीतर एका घराण्याचा इतिहास दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडेल. कुलकर्णी वतनं १९५१ साली गेली, कुळकायद्याचा कृषक दिन (कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस) १ एप्रिल १९५७ चा आणि मुलकी (सारा वसुलीची) पाटीलकी १९६३ च्या आरंभी संपली. या तारखांच्या आसपासचे फेरफार एकेक करून वाचा. गावातली सत्ता तिथे हात बदलताना दिसते.

जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. मृत्यूंच्या नोंदी महिनावार मोजल्या की १८९६-९७ चा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा तुमच्या गावाला किती भोवला ते आपसूक समोर येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या आधीचं बरंचसं पुण्यातच आहे. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह वेगळा. जाण्यापूर्वी गावाचं जुनं परगणा-तर्फेचं (त्या काळच्या महसुली विभागाचं) नाव शोधून ठेवा. आज वेल्हे किंवा राजगड तालुका म्हणतो तिथली गावं कागदात गुंजण मावळात किंवा कानद खोऱ्यात असतात. आजचा तालुका विचारत गेलात तर दिवस फुकट जातो. बुद्रुक आणि खुर्दही तपासा. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. वडगाव बुद्रुकचा कागद वडगाव खुर्दच्या नावावर लावला की पुढचं सगळं चुकतं. मागायचे कागद म्हणजे ठिकेझाडा (शेतवार जमिनींची यादी), झडती (गावाचा हिशेब), जमाबंदी (साऱ्याची आकारणी) आणि महजर (तंट्याचा सभेत झालेला निवाडा). यात महजर सगळ्यांत जिवंत. तंट्यात कोण साक्षीला बसलं, कोण काय बोललं, गावातले लोक नावानिशी तिथे भेटतात.

हे जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्द तोडलेले नाहीत, याने सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो. आधी ओळखीची नावं शोधा: मौजे अमुक, पाटलाचं आडनाव, ओढ्याचं नाव. त्यातून त्या लेखकाच्या हाताचा अक्षरतक्ता बनवा आणि तो शेजारी ठेवून रोज दहा ओळी वाचा. लेखक बदलला की तक्ता नवा.

तारखांचं गणित एकदा हाताने करून पाहावं. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असेल तर शेवटाकडून वाचा. अलफ १०००, मया १००, सितैन ६०, इहिदे १, म्हणजे सुहूर सन (अरबी अंकशब्दांत लिहायची जुनी कालगणना) ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवायचे, की इसवी सन येतो. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१ येतात. तीच तिथी पौष शुद्ध ८, शके १६८२. शकात एरवी ७८ मिळवतात, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९, म्हणून पुन्हा १७६१. दोन्ही बाजू जुळल्या की तारीख पक्की. घोटाळा होतो तो सित (६) आणि सितैन (६०), सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०) यांत. एका अक्षराने अर्धं शतक सरकतं.

मापांचीही घाई नको. वीस पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचं चाहूर हे कोष्टक ठीक आहे, पण जमीन मोजायच्या काठीची लांबी गावागणिक बदलायची. बिघ्याचे एकर करून छापू नका. मूळ आकडा जसाच्या तसा ठेवा. गुंठा मात्र इंग्रजी मोजणीचा, ३३ फूट बाय ३३ फूट, आणि असे ४० म्हणजे एकर.

एवढ्या खटाटोपातून काय मिळतं त्याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली धारण (एका खातेदाराकडची जमीन) १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती, हे त्यांनी कागदांवरून दाखवलं. आज तिथे इमारती उभ्या आहेत. ते शिवार डोळ्यांपुढे आणायला त्यांची टिपणं उपयोगी पडतात.

वीरगळ (पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड) असेल तर खालून वर वाचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, गाई कोरल्या असतील तर गोधनासाठीचं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बांगड्यांसह काटकोनात वाकलेला हात दिसला तर ती सतीशिळा. फोटो सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर काढा. भरदुपारी कोरीवकाम सपाट दिसतं, तिरक्या उन्हात झिजलेली रेघही उठते. शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षरं दिसावीत म्हणून खडू घासणं, तारेच्या ब्रशने शेंदूर खरवडणं किंवा ऑइलपेंट देणं ही कामं कुणालाही करू देऊ नका. पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आता माणसं. ‘जुन्या काळाबद्दल सांगा’ असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. वस्तूपासून विचारा. मोटेची विहीर (बैलांनी ओढलेल्या मोटेने पाणी उपसायची) दाखवून विचारा: एकमोटी की दुमोटी? नाडा आणि सोंदूर (मोटेचे दोर) कोण वळायचं? धावेवरून (बैल चालायच्या उतारावरून) बैल किती वेळ चालायचे? इंजिन कधी आलं, वीज कधी? थारोळ्यातून (मोट रिती व्हायच्या कुंडातून) पहिलं पाणी कुणाच्या शेताला? याच विहिरीवर पाणी कुणाला भरू देत नव्हते, हेही विचारा. बलुत्याचं (कारागिरांना कामाबद्दल मिळायच्या धान्याच्या वाट्याचं) माप नेमकं घ्या: वर्षाला किती पायल्या, कणसांचे किती पाचुंदे (पाच पेंढ्यांचे जुडगे), खळ्यावर कोण मोजायचं. देणाऱ्याच्या घरी एक आकडा मिळतो आणि घेणाऱ्याच्या घरी दुसरा. दोन्ही लिहा.

साल कुणाला आठवत नाही, प्रसंग आठवतो. गांधीहत्या जानेवारी १९४८, पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, मोठा दुष्काळ १९७२. ‘पानशेतच्या आधी की नंतर?’, ‘दुष्काळात सुकडी खाल्ली तेव्हा मुलगा केवढा होता?’ एवढ्याने दोन-तीन वर्षांच्या फरकाने काळ बसतो.

बायकांशी चावडीवर किंवा पारावर बोलणं होत नाही. त्यांच्या ओट्यावर बसा, घरातले पुरुष कामाला गेल्यावर. जात्याचा विषय काढला की ओव्या येतात, आणि सासर, माहेर, पाणवठा, दुष्काळ सगळं त्यांत असतं. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी मुळशी-मावळातून अशा ओव्या जमवायला सुरुवात केली आणि त्यांची संख्या लाखावर गेली. ओवी तिच्या उच्चारात लिहा, शुद्ध करू नका. रेकॉर्डिंगला गाव, नाव आणि तारीख त्याच संध्याकाळी द्या. आठवड्याने कुठला आवाज कुणाचा ते सांगता येत नाही.

मजकूर तयार झाला की छापायच्या आधी प्रत्येक वस्तीत एकदा वाचून दाखवा. आक्षेप आला तर तो समासात लिहून घ्या आणि कागद पुन्हा काढा. कागद एक सांगतो आणि गाव दुसरं, असं झालं तर दोन्ही छापा आणि कुठलं कुठून आलं ते लिहा. हयात माणसांच्या जमिनीचे वाद आणि सातबारे पुस्तकात घालू नयेत. सांगणाऱ्याचं नावही विचारूनच. पहिल्या दोन प्रती शाळेच्या कपाटात आणि ग्रामपंचायतीत द्या. त्यांत शेवटी दहा-बारा कोरी पानं बांधून घ्या, कारण चुका गावातलेच लोक दाखवतात आणि त्या लिहायला जागा लागते.