ओढ्यातली बुटकी मरळ घरच्या टाकीत

मासळी बाजारात पाटीत वळवळणारी हातभर लांब मरळ घरच्या टाकीसाठी नाही. ती मीटरभर वाढते. घरात सांभाळण्याजोगी आहे ती तिची बुटकी बहीण, चन्ना गाचुआ. डोंगराकडचे ओढे, भातखाचरं, विहिरी अशा ठिकाणी ती मिळते आणि टाकीत साधारण १५ सेंटिमीटरवर थांबते. गावात बरेच जण तिला मोठ्या मरळीचं पिल्लूच समजतात, त्यामुळे आणतानाच नीट बघा. हिच्या पाठीच्या आणि शेपटीच्या पराला नारिंगी किंवा पांढुरकी कड असते. कल्ल्यामागच्या गोल परावर कमानीसारखे गडद पट्टे दिसतात. शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा काळा ठिपका दिसला, तर ते मोठ्या जातीचं पिल्लू आहे, जिथल्या तिथे सोडून द्या.

अभयारण्यातून किंवा महाडजवळच्या वाळण कोंडीसारख्या देवाच्या राखीव डोहातून मासा उचलायचा नाही. गरीला लागलेलाही नको, गळ्यातली जखम पुढे चिघळते. पावसाळ्यात खाचरातलं पाणी उतरताना हातजाळीने सहज मिळतो. झाकणाच्या बादलीत जेमतेम पाठ बुडेल इतकं पाणी घ्या, वर ओली शेवाळ टाका आणि एका भांड्यात एकच मासा ठेवा. मरळीला पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. गळ्यापर्यंत पाणी भरून तोंड बांधलेल्या पिशवीत ती पाण्यातच गुदमरते.

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एका जोडीला एवढी पुरते. पाणी काठापासून १० ते १२ सेंटिमीटर खाली ठेवा. आता झाकण. पाळलेल्या मरळी सर्वांत जास्त मरतात त्या कपाटामागे वाळून. काचेचं झाकण नुसतं ठेवून भागत नाही, त्यावर वजन हवं. पाइप आणि वायरसाठी कापलेल्या कोपऱ्यात घट्ट स्पंज कोंबा. तिचं डोकं शिरेल एवढी फट म्हणजे दरवाजाच, आणि पहिल्या चार-पाच रात्री ती फटी शोधण्यातच घालवते. झाकणाखालची हवा कोंदट आणि उबदार राहिली तर उत्तमच.

तळाला बारीक वाळू, दोन-तीन फुटके माठ किंवा कौलं, बुडवून जड केलेली लाकडं, वर तरंगत्या वनस्पती. प्रकाश मंद. हीटर लागत नाही. पाणी १८ अंशांपर्यंत उतरलं तरी चालतं, फक्त त्या दिवसांत खाणं निम्मं करा.

‘हवेवर जगते, मग पाणी कसंही चालेल’ हा समज मात्र महागात पडतो. ऑक्सिजन हवेतून मिळाला तरी पाण्यातला अमोनिया कल्ले आणि कातडी जाळतोच, आणि मांसाहारी मासा अमोनिया भरपूर सोडतो. म्हणून मोठा स्पंज फिल्टर आधी ४ ते ६ आठवडे चालवून मुरवा, म्हणजे अमोनिया मोडणारे जिवाणू त्यात वाढू द्या. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याला १०० लिटरमागे १ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं.

आणलेला मासा थेट या टाकीत सोडू नका. २५ लिटरच्या झाकणबंद टबात तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखं टोक लोंबताना दिसलं तर ते कॅमॅलॅनस जंत. त्यावर लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड हे जंतांचं औषध लिटरमागे २ मिलिग्रॅम, २४ तास, मग पाणी बदलून तळ स्वच्छ काढायचा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. जनावरांच्या औषधांच्या दुकानात ते मिळतं, पण लेबल वाचा. पुष्कळ बाटल्यांत सोबत ऑक्सिक्लोझानाइड हे दुसरं औषध मिसळलेलं असतं, ते नको. थंडीत अंगावर लाल व्रण उठले तर तो मासा, त्याची जाळी, त्याचा पाइप, सगळं वेगळं. मरळीच्या जातींना व्रणरोग लवकर धरतो.

पहिला आठवडा ती काही खाणार नाही, घाबरू नका. संध्याकाळी दिवा मालवून लांब चिमट्यात एक गांडूळ धरा आणि माठाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हलकेच हलवा. आधी डोळा वळतो, मग शरीर इंग्रजी ‘एस’सारखं आकसतं, आणि मग गांडूळ नाहीसं होतं. चिमटा तेवढा स्थिर धरा, त्यावर दात आपटले की ती दोन दिवस रुसते. गांडूळ रुळलं की त्याच चिमट्यात सोललेल्या, बिनमिठाच्या कोलंबीचा तुकडा, पुढे गांडुळाच्या तुकड्यात खोचलेली माशांच्या खाद्याची गोळी. १२ सेंटिमीटरच्या माशाला दिवसाआड दोन गांडुळं भरपूर. गटारातले गप्पी नकोत, रोग त्यांच्याबरोबर येतात. नुसत्या छोट्या माशांवर ठेवली तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं, कारण कार्पवर्गातल्या बऱ्याच माशांत ते मोडून टाकणारं द्रव्य असतं. चिकन, मटण तर नकोच, ती चरबी तिला पचत नाही.

सोबती ठेवू नयेत. तिच्या निम्म्याहून लहान काहीही पोटात जातं. शिंगटा गिळला तर त्याचा काटा घशात आडवा बसतो आणि दोघेही मरतात. जोडी हवी तर पाच-सहा छोटी पिल्लं एकत्र वाढवा. दोघं एका कोपऱ्यावर हक्क सांगून बाकीच्यांना झोडपू लागली की उरलेली त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो.

नर अंडी तोंडात सांभाळतो. त्याचा घसा फुगलेला दिसला आणि खाणं बंद झालं की टाकीत हात घालू नका, पाणीही बदलू नका. बिथरला तर अंडी गिळतो, आणि पहिलटकर नर तसाही बहुतेक वेळा गिळतोच. पिल्लं बाहेर आली की मादी त्यांच्यासाठी खास खायची अंडी टाकते, त्यामुळे तिला लगेच बाजूला करू नका. पिल्लं दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की आकारानुसार वेगवेगळ्या टबांत भरा, नाहीतर मोठं लहानाला संपवतं. जास्तीची ओळखीच्या पाळणाऱ्यांना द्या. ओढ्यात परत सोडायची नाहीत, टाकीत धरलेला रोग तिकडे पोचतो.