‘रीअफर्म’ वापरताय? मग या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाला मी मेल लिहिला. अनुवाद कधी द्यायचा ते आधीच ठरलं होतं, मला फक्त तारखेची आठवण करून द्यायची होती. जरा भारदस्त वाटावं म्हणून ‘वुई रीअफर्म अवर कमिटमेंट टु द डेडलाइन’ असं ठोकून दिलं. तासाभरात फोन आला. ‘का हो, काही अडचण आलीय का?’ अडचण कसलीच नव्हती, ती माझ्या क्रियापदाने आणली होती.

इंग्रजीतलं रीअफर्म (reaffirm) म्हणजे नुसतं पुन्हा सांगणं नव्हे, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘फिर्मुस’ आहे, म्हणजे पक्का, घट्ट. अफर्म म्हणजे ठामपणे सांगणं. आधी ठामपणे सांगितलेलं मधे डळमळलं, किंवा कुणाला तसं वाटलं, म्हणून ते परत ठामपणे सांगणं म्हणजे रीअफर्म. आपल्याकडे खुंटा हलवून बळकट करणं म्हणतात, त्याच्याच आसपासची ही क्रिया. म्हणून हा शब्द दिसला की वाचणारा आधी खुंट्याकडे बघतो. हलला होता की काय? कोणी काही विचारलेलं नसताना एखादा नेता ‘पक्षावरची निष्ठा रीअफर्म’ करतो, तेव्हा वार्ताहरांचे कान टवकारतात ते यामुळेच.

शब्द चपखल बसलाय अशी जागा बघायची तर संयुक्त राष्ट्रांची 1945ची सनद काढा. तिच्या प्रास्ताविकात मूलभूत मानवी हक्कांवरची, माणसाच्या प्रतिष्ठेवरची, स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांवरची श्रद्धा ‘रीअफर्म’ करण्याचा निर्धार आहे. आधीच्याच ओळीत एका आयुष्यात दोनदा ओढवलेल्या युद्धाचा उल्लेख येतो. म्हणजे श्रद्धा होती, ती पार हादरली, म्हणून पुन्हा जाहीर करायची वेळ आली. तिथे नुसतं ‘स्टेट’, म्हणजे ‘सांगणं’, लिहिलं असतं तर वाक्यातला जीवच गेला असता.

आपल्याकडचं उदाहरण कोर्टातलं. संसदेला घटनेत दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली केशवानंद भारती खटल्यात सांगितलं. मग 1976ची 42वी घटनादुरुस्ती आली. घटनादुरुस्तीला कुठल्याच न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं तिने लिहून टाकलं. खुंट्याला बसलेला हा चांगलाच हिसका. 1980 साली मिनर्व्हा मिल्सच्या निकालात न्यायालयाने ती कलमं रद्द केली आणि मूलभूत चौकटीचं तत्त्व रीअफर्म केलं. आधीचं म्हणणं, मधला धक्का, नंतरची ठाम भूमिका, तिन्ही गोष्टी इथे हजर आहेत. तुमच्या वाक्यात यातली पहिली नसेल तर हा शब्द खोडाच. दुसरी नसेल तर लिहिण्याआधी थोडं थांबा.

पहिली गोष्ट नसताना शब्द वापरण्याची खोड अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या मुलांमध्ये फार. पहिल्याच पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘आय रीअफर्म माय इंटरेस्ट’. अरे, अजून एकदाही सांगितलं नाहीस, परत कसलं सांगतोस? हेच वाक्य निर्णय लांबणीवर पडल्यावर, ‘अजूनही मला तुमच्याकडेच यायचंय’ असं कळवणाऱ्या दुसऱ्या पत्रात शोभून दिसतं.

आता शेजारपाजारचे शब्द. पत्ता, वेळ, तिकीट, पंगतीला किती माणसं येणार, हे सगळं रीकन्फर्म करायचं असतं. ती माहितीची खातरजमा झाली, तिथे श्रद्धेचा संबंध नाही. एकेकाळी परदेशच्या विमानाचं परतीचं तिकीट उड्डाणाच्या 72 तास आधी रीकन्फर्म करावं लागे, त्या पिढीच्या तोंडी हा शब्द अजून आहे. तेच शब्द तसेच्या तसे पुन्हा म्हणणं म्हणजे रीइटरेट. गमावलेला हक्क किंवा अधिकार पुन्हा गाजवणं म्हणजे रीअसर्ट.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती रीअॅशुअरशी. ‘डॉक्टरांनी मला रीअफर्म केलं की घाबरायचं कारण नाही’ हे वाक्य मी या महिन्यात दोनदा खोडलं. डॉक्टरांनी धीर दिला, म्हणजे रीअॅशुअर केलं. रीअॅशुअर माणसाला करतात. रीअफर्म करतात ते मताला, निष्ठेला, वचनाला, धोरणाला.

व्याकरणात आपली मराठीच आपला पाय ओढते. ‘पाठिंब्याबद्दल पुन्हा सांगितलं’ असं डोक्यात असतं, म्हणून इंग्रजीत ‘रीअफर्म्ड अबाउट हिज सपोर्ट’ उतरतं. तो ‘अबाउट’ काढून टाका. क्रियापदाला थेट कर्म द्या, ‘रीअफर्म्ड हिज सपोर्ट’ म्हणा, नाहीतर पुढे ‘दॅट’ घालून अख्खं वाक्य जोडा. ‘रीअफर्म अगेन’ही नको, ‘पुन्हा’ शब्दाच्या पोटातच आहे. (हसू नका, ‘पुन्हा पुनरुच्चार केला’ असं मराठी वर्तमानपत्रांतही अधूनमधून दिसतं.)

मराठी करताना खरी कसोटी लागते. ‘दुजोरा दिला’ हे मी सर्रास वाचतो आणि ते चूक आहे. दुजोरा दुसऱ्याच्या म्हणण्याला देतात. मंत्र्याने स्वतःच्याच भूमिकेला दुजोरा दिला, असं मराठीत होत नाही. ‘पुनर्पुष्टी’ तर संधीतच फसते. पुनः आणि जन्म मिळून पुनर्जन्म होतो, पण पुढे ‘प’ आला की विसर्ग जागचा हलत नाही, म्हणून पुनःपुष्टी. तेही मला फायलीतलंच वाटतं. बोलत्या मराठीत यापेक्षा चांगली सोय आहे. मैत्री, निष्ठा, पाठिंबा असेल तर ‘पुन्हा ग्वाही दिली’. मत असेल तर ‘ठाम असल्याचं सांगितलं’ किंवा ‘पुन्हा ठासून सांगितलं’. नुसते शब्द परत आले असतील तरच ‘पुनरुच्चार’.

पतमानांकन म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीला दिलेली श्रेणी. त्याच्या बातमीत आणखी वेगळा शब्द लागतो. क्रिसिल किंवा इक्रासारखी संस्था कर्जरोख्याचं मानांकन तपासून आधीचंच ठेवते, तेव्हा पुढे ‘रीअफर्म्ड’ लिहिते. त्याचं मराठी ‘मानांकन कायम ठेवलं’, बस्स. ‘कंपनीला पुन्हा एएए (सर्वोच्च) मानांकन मिळालं’ असं छापलं तर मधे ते गेलं होतं असा समज होतो, आणि शेअरवाल्या वाचकाचा चहा तिथेच थंड होतो.

कोर्टाच्या बातमीतही सावध राहा. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाच्या मंजुरीशिवाय ती अमलात येत नाही. त्या मंजुरीला कन्फर्म म्हणतात, रीअफर्म नव्हे. आणि ‘सॉलम्नली अफर्म’ म्हणजे ईश्वराचं नाव न घेता केलेली प्रतिज्ञा. आमदार-मंत्र्यांच्या शपथविधीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ याच्याऐवजी काही जण ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणतात, ते हेच. ‘दृढकथन’ हा शब्द कुणी घडवला असेल त्याला माझा नमस्कार. लॅटिनमधला घट्टपणा त्याने नेमका पकडलाय.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. तिथे दिवाळखोरी कायद्याच्या चॅप्टर 7 (प्रकरण 7) खाली दिवाळखोरी जाहीर करणाऱ्यापुढे, विशेषतः गाडीच्या कर्जासाठी, ‘रीॲफर्मेशन अ‍ॅग्रीमेंट’ येऊ शकतं. नाव ऐकून औपचारिक फॉर्म वाटतो. प्रत्यक्षात त्यावर सही केली की माफ होऊ शकलं असतं ते कर्ज तुम्ही पुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेता. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

उरला उच्चार. क्रियापदात जोर ‘फर्म’वर द्यायचा, रीअफर्म. नाम झालं की ‘अ’चा ‘ॲ’ होतो आणि जोर ‘मे’वर सरकतो, रीॲफर्मेशन. स्पेलिंगमध्ये एफ दोन. एक एफ आणि जवळचं ‘ए’ गाळलंत तर मोबाइल स्वतःच्या अकलेने तिथे ‘रिफॉर्म’ बसवू शकतो, आणि निष्ठेची ग्वाही द्यायला निघालेला माणूस निष्ठेत सुधारणा करायचं वचन देऊन बसतो.