सौरचक्र आणि ओझोन: डेटाला हात घालण्याआधी

अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का वरखाली होते. पण २०० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण ६ ते ८ टक्के बदलतात, आणि ऑक्सिजनचा रेणू फोडून ओझोन घडवायचं काम २४२ नॅनोमीटरच्या खालचेच किरण करतात. त्यामुळे सूर्य जास्त सक्रिय असताना ओझोन वाढतो. किती? एकूण थरात एक-दोन टक्के. म्हणजे ३०० डॉबसन युनिटमागे (ओझोन मोजायचं एकक) तीन ते सहा. ऋतूंचे चढउतार याच्या कितीतरी पट मोठे असतात, हे आधी मनात पक्कं करा.

आता खरी मेख, जिच्याशी झटापट करण्यात माझे कित्येक महिने गेले. ओझोनच्या सलग उपग्रह-नोंदी १९७८ च्या अखेरीपासूनच्या. दरमहा एक आकडा धरला तर पाचशेहून जास्त बिंदू, म्हणून भरपूर वाटतात. पण सौरचक्रं त्यात चारच! त्यात १९८२ ला एल चिचोन आणि १९९१ ला पिनाटुबो हे ज्वालामुखी फुटले, दोन्ही वेळा सौरचक्राचा महत्तम, म्हणजे सूर्य सर्वात सक्रिय असण्याचा काळ, होऊन गेल्यावर थोड्याच काळात. गंधकाचे सूक्ष्म कण स्थितांबरात (वातावरणाच्या ज्या थरात ओझोन असतो तिथे) पसरले, त्यांच्यामुळे ओझोन तोडणाऱ्या क्लोरीनचा मारा वाढला आणि ओझोन घटला. नेमका तेव्हाच सूर्यही उतरणीला लागलेला. कोणत्या कारणाचा ओझोनवर किती परिणाम, हे आकड्यांतून काढणाऱ्या रिग्रेशनला ही दोन कारणं नीट वेगळी करता येत नाहीत. ज्वालामुखीचं पाप सूर्याच्या माथी जातं आणि सूर्याचा गुणांक, म्हणजे त्याच्या परिणामाचा आकडा, फुगतो. १९९२-९३ चे महिने गाळून तोच गुणांक पुन्हा काढा. मग एल चिचोननंतरची दोन वर्षं गाळा. आकडा डगमगला, तर त्यावर निष्कर्ष उभारू नका.

तयार कोड उचलून चालवणं मला पटत नाही. निदान पहिल्यांदा तरी रेसिड्युअलचा (मोजलेला आकडा आणि रिग्रेशनचा अंदाज यांतल्या फरकाचा) आलेख स्वतः काढून वर्षावर्षाने बघा. गाइडही असा शोधा, जो पी-व्हॅल्यूच्या (निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्याच्या) आधी तो आलेख मागेल.

उत्तर छोटं आणि एरर बार (उत्तरातली अनिश्चितता) मोठा आला तर खचू नका. विषयच तसा आहे, आणि प्रामाणिकपणे मांडलेला मोठा एरर बार हेही कामच आहे.

ध्रुवांजवळचा डेटा घेणार असाल तर ऑक्टोबर २००३ सारखी सौरवादळं वेगळी काढा. तिथे प्रोटॉनांच्या माऱ्याने नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात आणि ओझोन उलट घटतो.