आपत्तीग्रस्तांना मदत करताना: आधी विचारा, मग पाठवा

भूकंपाची किंवा महापुराची बातमी आली की आपला हात पहिल्यांदा कपाटातल्या जुन्या कपड्यांकडे जातो. तो आवरा. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून औषधांचे ढीग आले. त्यातल्या कितीतरी खोक्यांवरची लेबलं तिथल्या लोकांना वाचताच येत नव्हती. २०१५ला नेपाळमध्ये भूकंप झाला तेव्हा काठमांडूच्या विमानतळावर एकच धावपट्टी होती, त्यामुळे मदतीची विमानंही ताटकळली. नको ती वस्तू हव्या त्या वस्तूची वाट अडवते.

म्हणून पैसे द्या. जवळचा बाजार सुरू असेल, तर रोख रक्कम थेट कुटुंबाच्या हाती पडलेली उत्तम. ताडपत्री हवी की बाळाचं दूध, हे त्या घरालाच ठाऊक असतं. देण्याआधी संस्थेला विचारा: तुम्ही तिथे आपत्तीच्या आधीपासून आहात का? तिथली भाषा बोलणारे किती जण आहेत? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था शोधा.

स्वतः जायचंय? पहिल्या दोन-तीन दिवसांत ढिगाऱ्याखालून माणसं काढतात ते बहुतेक शेजारीच. नेमकं कौशल्य आणि पाठीशी संस्था नसेल तर जाऊ नका. तुम्हालाही पाणी नि जेवण तिथलंच लागणार.

छावणीत काम मिळालं, तर पाण्यापासून सुरुवात करा. सर्वमान्य किमान मापदंड माणशी रोज १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक संडास असा आहे. स्त्रियांचे संडास वेगळे, उजेडातले, आतून कडी असलेले हवेत. जागा ठरवताना त्यांनाच विचारा, छावणीच्या पुढाऱ्याला नव्हे. आणि आपल्याच सांडपाण्याकडेही बघा. हैतीत जानेवारी २०१०मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॉलरा पसरला. तो आला होता संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून, नदीत गेलेल्या मैल्यातून.

मृतदेहांमुळे साथ पसरते, ही भीती बहुधा निराधार असते. घाईने सामूहिक दफन करू नका. फोटो, कपडे, अंगावरच्या खुणा नोंदवा. पुढे वारसांना जमिनीसाठी, भरपाईसाठी मृत्यूचा दाखला लागतो.

देणगीतला निम्मा भाग सहा महिन्यांनी द्या. तोवर कॅमेरे परतलेले असतात आणि बियाणं, अवजारं, हरवलेले कागद यांची खरी गरज तेव्हा उभी राहते.