शरदातल्या जेवणाच्या मेजासाठी पऱ्हाटी, संत्री आणि शेवंती

नागपुरातला शरद पानगळीचा नसतो. पळसाची पाने झडतात ती हिवाळा सरता सरता. त्यामुळे कोजागरी ते दिवाळी या काळात जेवणाच्या मेजावर मधोमध मांडणी करायची असेल, तर वाळक्या पानांमागे न लागता या दिवसांत आपल्याकडे जे पिकते आणि फुलते तेच घ्यावे: फुटलेल्या बोंडांची पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या फांद्या, ज्वारीची दोन-तीन कणसे, आंबिया बहराची (हिवाळा सरताना फुलून शरदात पिकणारी) संत्री आणि शेवंती.

आधार म्हणून बुरुडाकडची साधारण ३० सेंटिमीटर रुंदीची उथळ टोपली घ्यावी आणि तिच्यात स्टीलची ताटली बसवावी. फुले खोचण्यासाठी फुलवाल्यांकडचा हिरवा फोम मुळीच लागत नाही. सणासाठी दारी लावायला केळीचे खांब विकायला येतात, त्यांतील एकाचा वीतभर तुकडा उभा चिरून सपाट बाजू खाली ठेवली की देठ घट्ट बसतात आणि खांबातल्या पाण्यावर फुले टवटवीत राहतात. मात्र हे काम मेजावर चादर अंथरण्यापूर्वीच उरकावे, कारण केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही.

पऱ्हाटी ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून आणावी, बोंडअळीने पोखरलेली बोंडे काढून टाकावीत आणि उरलेल्या फांद्यांना दोन दिवस कडक ऊन द्यावे. प्रथम या फांद्या आडव्या, टोपलीच्या काठाबाहेर थोड्या झुकतील अशा खोचाव्यात. त्यानंतर कणसे, आणि शेवटी शेवंती. शेवंतीचा देठ मऊ असल्याने विणकामाच्या सुईने आधी भोक पाडून घेणे बरे. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत, म्हणून उंची ३० सेंटिमीटरच्या आतच ठेवावी. रंगांचा मोह आवरावा; माझ्या मते पांढरा, नारिंगी आणि पानांचा हिरवा एवढे पुरे, म्हणून शेवंतीही पांढरीच घ्यावी. रजनीगंधासारखी उग्र वासाची फुले जेवणाच्या मेजावर नकोतच.

संत्री कळमना बाजारातून शक्यतो देठापानासकट आणावीत. रात्री पुरेशा गार झालेल्या नसल्याने ऑक्टोबरमधल्या संत्र्यावर हिरवट झाक असते; ती दोष न मानता वरच्या बाजूला दिसू द्यावी, कारण एकसारख्या नारिंगी फळांपेक्षा अशी पाच फळे अधिक देखणी दिसतात. त्यांना काड्या टोचू नयेत, नाहीतर रस पाझरून फळ सडते. ती टोपलीच्या पायथ्याशी नुसती टेकवून ठेवावीत.

दिवे लावायचे असतील तर ते पाण्याने भरलेल्या पितळी परातीत, टोपलीपासून हातभर दूर सोडावेत, कारण वाळलेला कापूस ठिणगीनेही पेटतो. पंख्याच्या थेट वाऱ्यात शेवंती लवकर कोमेजते, त्यामुळे मांडणी पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळीच करावी. संत्री जेवणानंतर खाऊन टाकावीत, आणि दिवाळी संपल्यावर बोंडांतील कापूस सरकी काढून वातींसाठी ठेवावा.