लॉगफोरजे २ वापरताना: नवख्यांची गाडी कुठे अडते

समजा, पर्वरीच्या ऑफिसात नवीन लागलात आणि कळंगुटच्या एका हॉटेलचं जावातलं बुकिंग सॉफ्टवेअर तुमच्याकडे आलं. त्यात जागोजागी पेरलेले प्रिंट काढून लॉगफोरजे २ ही जावाची लॉगिंग लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम काय करतोय त्याच्या नोंदी ठेवणारी, बसवायचीय. या लायब्ररीची खरी सोय अशी की काय नोंदवायचं ते कोड सांगतो. कुठे आणि किती, ते बाहेरची एक्सएमएल फाइल ठरवते. लॉगर नोंद घेतो, अपेंडर ती पोचवतो, लेआउट तिला रूप देतो.

पहिली अडचण ठरलेली: इन्फोच्या, म्हणजे साध्या माहितीच्या ओळी दिसतच नाहीत. ती एक्सएमएल फाइल क्लासपाथवर सापडली नाही, की लायब्ररी फक्त एरर आणि त्यावरच्या नोंदी कन्सोलवर टाकते. मेव्हनच्या प्रोजेक्टमध्ये ती रिसोर्सेस फोल्डरात ठेवा. एकच ओळ दोनदा येत असेल, तर नोंद तुमच्या लॉगरच्या अपेंडरकडे जाऊन वर रूट लॉगरच्या अपेंडरकडेही जातेय. त्या लॉगरची अ‍ॅडिटिव्हिटी फॉल्स करा.

लेव्हल, म्हणजे नोंद किती गंभीर आहे ते, मात्र विचार करूनच निवडा. बुकिंग पक्कं झालं, तर इन्फो. पेमेंट गेटवेने दुसऱ्या खेपेला उत्तर दिलं, तर वॉर्न. पैसे कापले आणि खोली मिळाली नाही, तर एरर. रात्री कुणाला झोपेतून उठवावं लागेल एवढं गंभीर असेल तरच एरर लिहा, नाहीतर महिन्याभरात त्याकडे कुणी बघेनासं होतं.

मजकुराला अधिक चिन्हाने व्हेरिएबल जोडू नका. रिकामे महिरपी कंस ठेवून व्हॅल्यू वेगळी द्या. डीबग ही तपशिलाची लेव्हल बंद असताना स्ट्रिंग जोडायचं काम वाचतं. एक्सेप्शन अख्खं, शेवटचं आर्ग्युमेंट म्हणून द्या. नुसता त्याचा मेसेज दिलात तर स्टॅक ट्रेस गेला, आणि चूक कुठल्या ओळीत झाली तेही गेलं.

सगळ्यात जास्त घात रोलिंग फाइल, म्हणजे ठरावीक वेळेला किंवा आकाराला नवी सुरू होणारी लॉग फाइल करते. दर दिवशी आणि दर १० एमबीला नवी फाइल हवी असेल, तर फाइल पॅटर्नमध्ये तारखेबरोबर %आय हा फाइलीचा क्रमांक हवाच. नसेल तर त्याच दिवशीची आधीची फाइल पुसली जाते. दुसरं म्हणजे, किती फाइली ठेवायच्या ते सांगणारा मॅक्स मूळचा ७ असतो, पण तो एकाच तारखेच्या फाइलींना लागू. मागच्या दिवसांच्या फाइली साचतच राहतात आणि ऐन डिसेंबरच्या गर्दीत डिस्क भरते. म्हणून डिलीट अ‍ॅक्शन लावून ३० दिवसांहून जुन्या फाइली काढायची सोय पहिल्याच दिवशी करा.

वेळही तपासा. सर्व्हर यूटीसीवर असेल, तर नववर्षाच्या रात्री १२:१० ला आलेलं बुकिंग ३१ डिसेंबरच्या १८:४० ला दिसेल. तारखेच्या पॅटर्नमध्ये एशिया/कोलकाता टाइमझोन घाला.

प्रत्येक ओळीवर बुकिंग क्रमांक हवा असेल तर थ्रेड कॉन्टेक्स्ट, म्हणजे थ्रेडला माहिती चिकटवायची सोय, वापरा, पण काम संपताच फायनलीमध्ये तो साफ करा. थ्रेड पूलमधला तोच थ्रेड पुढच्या ग्राहकाला मिळतो, आणि आधीच्याचा क्रमांक त्याला चिकटतो. असा लॉग नसलेला परवडला, कारण तो चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो.

शेवटी आवृत्ती. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉगफोरशेल या लॉगफोरजे २ मधल्या सुरक्षा त्रुटीमध्ये लॉगमध्ये आलेल्या नुसत्या मजकुरामुळे सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. जावा ८ वर २.१७.१ च्या खाली राहू नका. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या पोटातून जुनी जार येते, म्हणून मेव्हनचा डिपेन्डन्सी ट्री काढून शेवटपर्यंत वाचा.